आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: पोटावर पिशवी लावून घरी पाठवलं, पुढचं कोण शिकवणार?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी हडपसरला राहतो, गाव भोरकडचं. मागच्या पावसाळ्यात बाबांचं पोट फुगलं, दोन दिवस संडास नाही, गॅस नाही, गावात इंजेक्शन देऊन झालं आणि पुण्यात आणेपर्यंत आतडं फुटून घाण पोटभर पसरली होती. रात्री अडीचला सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आतडं सुजलंय, बीपी टिकत नाहीये, आत्ता दोन टोकं जोडली तर टाके उसवायची भीती आहे, आणि आठवड्याभरात उसवले तर पोट परत उघडावं लागेल, ते ह्यांना झेपणार नाही. म्हणून खराब भाग काढला, खालचं टोक बंद केलं, वरचं पोटावर काढलं. हार्टमनचं ऑपरेशन म्हणतात, 1921 पासूनचं आहे. दुसरा मार्ग म्हणजे आतडं जोडायचं आणि वर लहान आतड्याची तात्पुरती वाट काढून जोड सांभाळायचा, पण त्याला पेशंट जरा स्थिर लागतो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, निर्णय बरोबरच होता.

माझं म्हणणं नंतरचं आहे. जखमेत पू झाला, ते बरं झालं, आणि बाराव्या दिवशी दोन पिशव्या हातात देऊन सोडलं. पिशवीचं भोक स्टोमापेक्षा, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा (शौच तिथूनच पिशवीत येते), फक्त 2-3 मिलिमीटर मोठं कापायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही! आई अंदाजाने मोठं कापायची, मग शौच कातडीला लागून कातडी सोलून निघाली, रात्रभर आग. त्यात स्टोमा नेमका पायजम्याच्या नाडीच्या रेषेत. ठरवून केलेल्या ऑपरेशनला आधी पेशंटला बसवून, उभं करून पेनने जागा आखतात, इमर्जन्सीत ते राहून जातं हे मला कळतं, पण दोन मिनिटं मिळाली तर तेवढं व्हायला हवं ना. स्वारगेटहून भोरला जाताना एसटीत पिशवी सुटली. त्या दिवसापासून बाबा कुणाच्या घरी जात नाहीत, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेले नाहीत.

ऑपरेशन जनआरोग्य योजनेत झालं, पण घरी लागणाऱ्या पिशव्यांचे पैसे आम्हीच भरतोय. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, पोटावर पिशवी असलेला माणूस त्यात नाही, म्हणजे तो दाखलाही नाही.

तर साहेब, जिल्हा रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत स्टोमाचं ट्रेनिंग घेतलेली निदान एक सिस्टर द्या. घरच्या माणसाने तिच्यासमोर स्वतःच्या हाताने पिशवी बदलून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज नको. स्टोमा काळा पडला तर लगेच पळायचं, लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाणी आणि मीठ फार जातं त्यामुळे चक्कर येते, लघवी कमी होते, हे मराठीत एका कागदावर छापून द्या. पिशव्या योजनेत घ्या.

आणि अजून एक. आतडं परत जोडायचं ऑपरेशन काही महिन्यांनी होऊ शकतं, पण खूप जणांचं ते कधीच होत नाही, काहींची तब्येत साथ देत नाही आणि काहींना कुणी परत बोलवतच नाही. ज्यांच्या पोटावर तात्पुरती पिशवी लावली त्यांचं रजिस्टर ठेवायला सांगा आणि तीन महिन्यांनी त्यांना फोन करून बोलवायला सांगा. आम्हाला अजून आलेला नाही.

आपला,
हडपसरहून एका पेशंटचा मुलगा