आवृत्ती कोणती, तेवढं तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवारी ‘यंदा काय वाचलं’ म्हणून आपण एका पानात आठ-नऊ पुस्तकं उरकलीत. आत्मचरित्र, रशियन कादंबरी, मुलांचं पुस्तक, पाककृती, सगळं एकाच ताटात. निवडीबद्दल तक्रार नाही. पण ‘भावलं’, ‘अंतर्मुख केलं’ आणि ‘एका बैठकीत संपवलं’ हे तीन शेरे आळीपाळीने वाटून दिले की परीक्षण होतं, असं आपल्याकडे ठरलेलं दिसतं.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या १८५७च्या बंडाच्या काळातल्या प्रवासकथेतली ‘जुनी असूनही आजची वाटणारी ओघवती भाषा’ आपल्या परीक्षकांना फार आवडली. आवडणारच. ती चिंतामणराव वैद्यांनी ओघवती करून दिलेली आहे. भटजींनी १८८३ साली लिहून दिलेली हकिगत वैद्यांनी १९०७ साली छापली, ती भाषा घासूनपुसून आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताचा पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. म्हणजे कौतुक वैद्यांचं झालं आणि हार भटजींच्या गळ्यात पडला. परीक्षकांच्या हातात कोणती प्रत होती याचा पानभर मजकुरात एक शब्द नाही.

शिवाय पुस्तकाला ‘झाशीच्या राणीची चरितकहाणी’ म्हटलं आहे. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची बातमी ऐकून, दक्षिणा मिळेल या आशेने कोकणातल्या वरसईहून निघालेल्या कर्जबाजारी भिक्षुकाची ही हकिगत. महू, ग्वाल्हेर करत तो झाशीच्या वेढ्यात सापडला. ग्वाल्हेरचं तर आपल्या परीक्षणात नावसुद्धा नाही! आम्ही इकडचे मराठी लोक निदान एवढ्यासाठी तरी पुस्तक उघडतो.

आपलं परीक्षण वाचून मागवलेली प्रत काल टपालाने आली. मुखपृष्ठावर घोड्यावरची राणी, आत संपादकाचं नाव नाही, प्रस्तावना नाही, आणि अक्षरजुळणी अशी की निम्म्या ठिकाणी ‘ळ’चा ‘ल’ झालेला. विक्रेता म्हणतो, पुस्तक फाटकं नाही, मग परत कशाला? मराठी पुस्तक चाळून घ्यावं असं दुकान आम्हाला जवळ नाही. आपण छापता तीच आमची चाळणी.

अशा प्रती का निघतात तेही सांगतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक मोकळं होतं, तीही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. वैद्य १९३८ साली गेले, त्यामुळे त्यांचा पाठ आता कोणीही छापावा. पोतदार गेले १९७९ साली, त्यांच्या संपादनाला अजून हात लावता येत नाही. म्हणून स्वस्त, संपादकाचं नाव नसलेली प्रत बहुतेक वैद्यांच्या पाठाचीच समजावी. ‘हिंदीत वाचून घ्या’ असंही इथे सुचवतात. अमृतलाल नागरांचं हिंदी भाषांतर वाचनीय आहे, पण तेही वैद्यांवरूनच. पोतदारांची प्रत तेव्हा छापलीच गेली नव्हती.

‘श्यामची आई’चंही तेच. साने गुरुजी १९५० साली गेले, २०११पासून पुस्तक सर्वांना खुलं झालं आणि मुलांसाठी म्हणून कापलेल्या प्रतींचा सुकाळ झाला. मूळ पुस्तकात ४२ रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत. अनुक्रमणिका उघडून शेवटच्या रात्रीचा आकडा बघायला अर्धं मिनिट लागतं. ‘छोटेखानी पुस्तक’ असं परीक्षणात वाचून शंका आली, म्हणून लिहिलं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ही संक्षिप्त मिळतं आणि संपूर्णही. मूळ चार भाग आहेत. पातळ पुस्तक घेऊन ‘लक्ष्मीबाईंचा आटोपशीरपणा’ वाखाणू नये.

रशियन कादंबरीच्या अनुवादकाचं नाव देण्याइतकी जागा उरली नसावी. अनुवाद थेट रशियनवरून की इंग्रजीवरून, हे श्रेयपानावर लिहिलेलं असतं. तिथे मूळ नाव फक्त इंग्रजीत असेल तर बहुतेक इंग्रजीमार्गेच आला म्हणायचं. तेही नसेल तर आत पाहावं. अंतरं ‘व्हर्स्ट’मध्ये आहेत की ‘मैल’ झाले? व्हर्स्ट म्हणजे किलोमीटरहून थोडं जास्त. आकडा तोच ठेवून एकक तेवढं बदललं, तर दोन तासांच्या वाटेला तीन तास लागतात. माणसांच्या नावात वडिलांचं नाव टिकलं आहे की सगळ्यांचे ‘मिस्टर’ झाले? इंग्रजीवरून केलेला अनुवाद वाईटच असतो असं नाही, काही फार चांगले आहेत. पण सांगा तरी.

आणि पाककृतींचं पुस्तक. ‘प्रमाणं अचूक’ म्हणे. कोणत्या वाटीने? दीडशे मिलिलिटरच्या वाटीत मैदा साधारण ७५-८० ग्रॅम बसतो, साखर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. दोनशेच्या वाटीत हिशेब पार बदलतो. सगळं एकाच वाटीने मोजलं तर एकमेकांशी प्रमाण जुळतं, हे कबूल. पण जिथे ‘एक वाटी साखर, पाव लिटर दूध’ असा अर्धा हिशेब वाटीचा नि अर्धा लिटरचा, तिथे वाटीचं माप पुस्तकात दिलेलंच हवं. पाकाच्या लाडवांत ‘पाक चिकट होईपर्यंत’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुस्तक नुसतं वाचायचं. एकतारी की दोनतारी हे नको का सांगायला? कच्चा राहिला तर लाडू वळत नाहीत, पुढे गेला तर अडकित्ता घ्यावा लागतो. आपल्या परीक्षकबाईंनी त्यातला एक तरी पदार्थ करून पाहिला होता का, एवढं कळलं तरी पुरे.

मागणी मोठी नाही. परीक्षणाखाली एक ओळ: प्रकाशक, आवृत्ती आणि तिचं साल, संपादक-अनुवादक, संपूर्ण की संक्षिप्त, पानं, किंमत. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत गल्लत करू नये. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर मजकूर तोच असतो, जुन्या चुकांसकट.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. मागच्या खेपेला माझ्या पत्रातली सालं गाळून विशेषणं तेवढी छापलीत. या वेळी जागा कमी पडली तर लाडू काढा, १९०७ आणि १९६६ राहू द्या. आणि शब्दकोड्याचं उत्तर त्याच दिवशी उलटं छापायची पद्धत बंद करा, पान हातात धरलं की सगळं दिसतं.