पलंग द्या, पेटारा नको

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ते ऐकून घेत नाहीत, म्हणून पत्र. लिहिलेलं मात्र ते चष्मा लावून दोनदा वाचतात, हे मला ठाऊक आहे.

आई म्हणाली, जुनं सामान घेणारा कोणी माणूस वेंगुर्ल्यात घरोघर फिरतोय आणि आपल्याकडेही येऊन गेला. पलंगाचं तोंडभर कौतुक केलं, चांगले पैसे देतो म्हणाला. आणि निघता निघता, "माजघरातला तो पेटाराही नेतो हवा तर, तेवढीच तुमची जागा मोकळी होईल." आई, या शेवटच्या वाक्यावर माझे कान टवकारले. तो पलंगासाठी आलेलाच नाही. आमच्या धंद्यात जे हवं असतं त्याच्याकडे बघायचंच नसतं, शेजारच्या वस्तूची तारीफ करायची असते. मीही करते, खोटं कशाला बोलू.

तर आधी सांगायचं ते सांगून टाकते. पलंग द्यायचा असेल तर खुशाल द्या. पेटाऱ्याला कोणाला हात लावू देऊ नका.

बाबा, आता रागावू नका. आपला पलंग डच वखारीतला नाही. आजोबा प्रत्येक पाहुण्याला ओटीवरून आत नेऊन दाखवायचे, "डच वखारीतलो पलंग असा ह्यो," आणि पुढे तुम्हीही तेच सांगत आलात. सतराव्या शतकातली ती वखार पडकी का होईना, गावात उभी आहे. त्यामुळे वेंगुर्ल्यात जरा नक्षी असलेलं कुठलंही लाकूड वखारीतूनच आलेलं असतं. मी मे महिन्यात आले होते तेव्हा तुम्ही दुपारी झोपाळ्यावर पेंगत असताना टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरले होते. फळ्यांच्या खालच्या अंगाला करवतीच्या खुणा कमानीसारख्या गोल आहेत. दोन माणसांनी ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ उमटतात, थोड्या कमीजास्त अंतराच्या. कमान उमटते ती फिरत्या गोल पात्याची, म्हणजे यंत्राची. मग उशाकडच्या नक्षीचा एक स्क्रू काढला. टोकदार, आटे सगळे एकसारखे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे स्क्रू खाली बोथट असायचे आणि डोक्यावरची खाच हाताने कापलेली, त्यामुळे बहुधा मधोमध नसायची. डच तर त्याच्या कितीतरी आधी वेंगुर्ल्यातून गेले होते.

माझ्या मते पलंग मुंबईहून आगबोटीने आला असणार, आजोबांच्या वडिलांच्या वेळी. खांब, दांड्या, फळ्या, सगळं सुटं होतं आणि लांब बोल्टांनी आवळलं जातं. बोटीत चढवायला सोयीचं. चारही खांब एकमेकांशी इतके तंतोतंत जुळतात की हाताच्या कातकामात तसं सहसा होत नाही. सागवान मात्र उत्तम आहे, बर्माचं असावं. आणि यंत्राने केलं म्हणजे हलकं, असं मी म्हणत नाही. इराण्याच्या हॉटेलात असायची तशी वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये काढलेली ती १४ नंबरची खुर्ची सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात उभी राहते. कारखान्यात लाखोंनी निघाली, आणि तिच्याइतकी देखणी खुर्ची मी क्वचितच पाहिली आहे. आपला पलंग तेवढा देखणा नाही, इतकंच. शिवाय तो उंच आहे आणि आईच्या गुडघ्यांना रोज रात्री त्याचा त्रास होतो, हे वखारीपेक्षा महत्त्वाचं.

आता पेटारा. त्यावर आई वाळवणाचे डबे ठेवते, मांजर झोपतं, आणि त्याच्याबद्दल घरात कोणी कधी बढाई मारलेली नाही. फणसाचं लाकूड. झाकण एका सलग फळीचं, दीड हात रुंद. एवढ्या घेराचा फणस आज कोणी तोडायला काढतही नाही. तळाला करवतीची खूणच नाही, सबंध फळी वाकसाने तासलेली आहे. बोटं फिरवलीत तर उथळ खळगे लागतात, एकाला लागून एक, आणि कोपऱ्याकडे सुताराने हात बदलला तिथे त्यांची दिशा फिरते. खिळे चौकोनी अंगाचे, लोहाराने घडवलेले, आतून वाकवून परत लाकडात ठोकलेले. लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं, उभं जवळजवळ नाही; त्यामुळे झाकण आता रुंदीला कडेपासून करंगळीच्या पेराएवढं आत गेलंय आणि लांबीला जसंच्या तसं बसतंय. हे कोणाला खोटं करता येत नाही. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर चहाच्या पाण्याने काळं केलेलं, साखळीने बडवलेलं, ड्रिलने किडीची भोकं पाडलेलं नवं 'जुनं' सामान मी भरपूर पाहिलंय. तिथे झीज सगळीकडे सारखी असते. खरी झीज हात लागतो तिथेच असते. पेटाऱ्याच्या कुलपाच्या खाली, उजव्या बाजूला, लाकूड गुळगुळीत होऊन किंचित खोल गेलंय. झाकण उचलताना आई तिथेच हात घालते. तिच्या सासूने घातला, आणि तिच्याही आधीच्या बायकांनी.

बाबा, तुम्ही मला अजून विचारता, "ह्यां काय भंगार गोळा करतंस गो?" आधी बँकेतली नोकरी सोडली म्हणून विचारायचात, आता अलिबागचं दुकान बरं चाललंय तरी सवय म्हणून विचारता. एकदा नीट उत्तर देते. सध्या दुकानात एक शिसवी खुर्ची आहे, मुंबईची, एकोणिसाव्या शतकातली. त्या काळी मुंबईत गोरे साहेब आणि पारशी शेटिये घरं सजवायला असं काळं, जाळीदार कोरलेलं फर्निचर करून घ्यायचे; इंग्रजीत त्याला बॉम्बे ब्लॅकवुड म्हणतात. पाठीवर सगळा द्राक्षवेल, पानाच्या शिरासुद्धा कोरलेल्या. मला ती पुढून फारशी आवडत नाही, खरं सांगायचं तर डोळ्यांना जरा जास्तच होते. पण पाठ फिरवून बघितली आणि तिथेच खाली बसले. मागून पानं पटाशीने भराभर खणून पातळ केली आहेत, कारण पुढून ती हलकी दिसायला हवीत. एकेका फटकाऱ्यात, कुठेही चाचपडणं नाही. ज्या बाजूला मालक कधी बघणार नव्हता तिथे त्या माणसाचा हात किती पक्का होता ते दिसतं. त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. मी हे बघायला दुकान चालवते, विकते ते भाडं भरायला. ती खुर्ची घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला मी उगाच किंमत चढवून सांगितली. तिच्या बंगल्यात रात्रंदिवस एसी असतो आणि कोकणच्या हवेत मुरलेलं लाकूड तिथे एका उन्हाळ्यात तडकतं. हा काही धंदा नव्हे, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते.

आता कामाचं. तो माणूस परत आला आणि "परदेशात जास्त भाव मिळतो, तिकडे पाठवतो" म्हणाला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंची विक्री करायला परवाना लागतो. नुसतं "परवाना दाखवा" म्हटलंत तरी पुरे, बहुतेक जण चहासुद्धा न घेता जातात.

पलंग विकण्याआधी त्याला मेलामाइन मारून चकाचक करून देतो असं आपला सुतार म्हणत असेल, तर नको. त्यावर आत्ता आहे ते जुनं स्पिरिट पॉलिश, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पोचाने चढवलेलं. सावंतवाडीची खेळणी ज्या लाखेने चमकतात तीच ही. कुठे पांढरा डाग पडला, ओरखडा उठला, तर स्पिरिटचा हात फिरवला की लाख पुन्हा मऊ होते आणि तेवढीच जागा दुरुस्त होते. मेलामाइन एकदा वाळलं की खरवडूनच काढावं लागतं, आणि त्याबरोबर लाकडाचा वरचा रंगही जातो. शंभर वर्षांनी आलेला रंग दोन दिवसांत कसा परत आणणार?

पेटाऱ्याला तर काहीच लावू नका. तेलसुद्धा नको, आई, धूळ चिकटते. पावसाआधी कोणाला तरी सांगून तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घ्या आणि खाली चार चिरे द्या, म्हणजे वाळवीने भिंतीतून रस्ता काढला तर दिसेल तरी. बाबांनी एकट्याने ओढायचा नाही. आणि तो रिकामा ठेवू नका म्हणजे झालं. आईची जुनी लुगडी त्यात आहेत ती तिथेच बरी, कोपऱ्यात वेखंड टाका.

पलंगाचे पैसे आले की बुटका, सरळ पायांचा दिवाण घ्या, सागवानी. कुडाळला करून मिळेल. प्लायवूडचा चालेल असं बाबा म्हणतील. चालणार नाही, आपल्याकडच्या हवेत दोन पावसाळ्यांत फुगतो. मापं मी पाठवते. उंची आईच्या गुडघ्याएवढी धरायची, तेव्हा आईचं माप घेऊन ठेवा.

तब्येतीला जपा. गणपतीला येते.

तुमची,
बाय

ता. क. पलंगाचे बोल्ट सोडवायला इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी किल्ली लागते. माझ्या अंदाजाने पडवीतल्या खणात बिनकुलपाच्या किल्ल्यांचा जुडगा आहे, त्यातच ती असेल. ती सापडेपर्यंत कोणाला हातोडी मारू देऊ नका.