बाबा, गिऱ्हाईक तुम्हाला विसरलेलं नाही

ती. बाबा आणि आई, सा. न.

काल फोनवरच सांगणार होते. पण बाबा म्हणाले, "आता महेश्वरी कुणाला हवीय गं," आणि माझा आवाजच फुटेना. म्हणून लिहिते आहे.

बाबा, ऑर्डरी बंद झाल्या त्याला कारण मी आहे. दिवाळीत मी आपली साड्यांची साइट नवी केली, तेव्हा अर्धवट पानं गुगलने उचलू नयेत म्हणून, साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत टिक केली होती. काम झाल्यावर ती काढायची, ती राहिली. पाच महिने आपणच गुगलला 'येऊ नका' सांगत होतो, आणि तुम्ही रोज सकाळी मेल उघडून बघत होतात. ते डोळ्यांसमोर आलं की रात्री झोप लागत नाही.

टिक रविवारीच काढली. पण एवढ्याने भागणार नाही. पानांचे पत्तेही मी बदलले होते. 'गर्भरेशमी म्हणजे काय' हे तुमचं पान, ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असं समजावून सांगणारं, नागपूर-पुण्याच्या किती बायकांनी जपून ठेवलं होतं! आज त्या दुव्यावर गेलं की 'पान सापडत नाही' येतं. जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेणारी सोय करावी लागते, तिला ३०१ रिडायरेक्ट म्हणतात. शिवाय एकच साडी चार निरनिराळ्या पत्त्यांवर उघडते आहे, त्यामुळे खरं पान कोणतं हे गुगलला ठरवता येत नाही. आणि तुम्ही इतक्या हौसेने काढलेले फोटो पाच-सहा एमबीचे आहेत. मोबाइलवर पान अडीच सेकंदांत दिसायला हवं, आपलं अकरा घेतं.

हे मी स्वतः करायला बसले असते, पण एकदा बिघडवलंय, पुन्हा हात लावायची हिंमत नाही. म्हणून एक मुलगी ठरवली आहे. आगाऊ पैसेही दिलेत, तेव्हा आता नको म्हणू नका. इंदूरचीच आहे, मराठी आहे, हेच काम करते. तिघांशी बोलले होते. बाकी दोघं 'पहिल्या नंबरावर आणतो' म्हणाले. तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः लिहून सांगतं. हिने आधी फक्त बघण्यापुरती परवानगी मागितली, काय मोडलंय त्याची यादी दिली, आणि फरक दिसायला चार महिने लागतील, कदाचित वर्षही, असं स्पष्ट सांगितलं. त्यावरच माझा विश्वास बसला. अठरा हजार माझ्या बोनसमधले आहेत. परत करायची गोष्ट काढाल तर मी रागावेन.

तुमच्या मजकुराचा कानामात्रासुद्धा हलणार नाही. चटाई, ईंट, हिरा हे काठ कसे ओळखायचे ते पान जसंच्या तसं राहील, अहिल्याबाईंचा परिच्छेदही. पहिल्या दिवशी ती सगळ्याची प्रत काढून ठेवणार आहे. रिटायर झाल्यावर एका बोटाने टाइप करून तुम्ही हे उभं केलंत बाबा, ते मी कुणाला मोडू देईन का?

लहानपणी तुम्ही महेश्वरहून शेवटच्या बसने यायचात आणि मी गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपायची. नव्या साडीच्या खळीचा तो वास. आई ओरडायची, 'लाळ गळेल गं!' आणि तुम्ही हळूच पंचा आणून माझ्या गालाखाली सरकवायचात. जांभळी साडी त्याच ट्रंकेत आहे ना अजून?

आता नीट ऐका. ती साइटवाली मुलगी मंगळवारी चारला येईल, म्हणजे तुमची दुपारची झोप मोडणार नाही. तिचं लॉगिन वेगळं केलंय, आपला पासवर्ड तिलाही द्यायचा नाही. फोनवर कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा, कितीही गोड बोलला तरी. सर्च कन्सोलचा, म्हणजे गुगलवर आपली साइट किती जणांना दिसते त्याचा, आलेख रोज बघू नका, आठवड्यातून एकदा पुरे. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलायचं नाही, मी तारीख घेतली आहे. चिडू नका ना. काळजीपोटी घेतली.

आई, तिच्यासाठी पुरणाचा घाट घालू नकोस. चहा आणि डब्यातली शेव पुरे. गुडघ्याला तेल लावून घेतेस ना? बाबांची बीपीची गोळी पाण्याच्या तांब्याशेजारीच ठेव, नाहीतर राहते. कम्प्युटरजवळचा पिवळा दिवा काढून तिथे पांढरा लावायला रामबागेतला इलेक्ट्रिशियन उद्या येतो आहे, त्याचेही पैसे दिलेत.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. आल्यावर कम्प्युटरवरचं मोठ्या फोटोंचं फोल्डर आपण दोघं मिळून उघडू बाबा. कोणते ठेवायचे ते तुम्हीच सांगा, लहान करायचं काम मी करेन.

तुमची
छकुली