इचलकरंजी अखंड राहावी म्हणून : माणसं, नकाशे आणि थोडे पैसे हवेत

विधानसभा मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हा शहराचे दोन तुकडे पडू नयेत, यासाठी आमच्या समितीने तयारी सुरू केली आहे. ‘नव्या हद्दींचा मसुदा आला की बघू’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, हरकतींची मुदत थोडकी असते. अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ मिळतं. मग कोर्टात दाद मागायला फारच कमी वाव.

2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 11,23,74,333. भागिले विधानसभेच्या 288 जागा, म्हणजे जागेमागे सुमारे 3,90,000. शहराची 2,87,353. म्हणजे शहर अख्खं मावतं, शिवाय कबनूर-चंदूरसारखी लगतची गावं घ्यावी लागतात. समजा जागा वाढून 400 झाल्या, तर सरासरी 2,80,936 वर येते. तरीही मागच्या पुनर्रचनेसारखी सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त असण्याची सूट मिळाली तर शहर बसतं. त्यामुळे ‘मोठं आहे म्हणून फोडलं’ हे उत्तर या आकड्यांवर टिकत नाही. कोल्हापूरचं बघा, शहराचे काही वॉर्ड करवीरच्या गावांबरोबर दक्षिण मतदारसंघात आहेत. उद्या पाण्याचा प्रश्न घेऊन दोन आमदारांकडे हेलपाटे घालायचे आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं, हे आपल्याला नको.

‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर हरकत टिकत नाही. एक गाव आत घ्या म्हणायचं तर तेवढ्याच लोकसंख्येचं बाहेर काय काढायचं, तेही लिहावं लागतं. त्यात शेजारचा हातकणंगले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव; गाव इकडचं तिकडे गेलं की दोन्हीकडचं अनुसूचित जातींचं प्रमाण हलतं, म्हणून हरकतीत तोही रकाना भरायचा. सगळ्यात जास्त घोळ वॉर्डांचा. लोक हरकतीत आजचा प्रभाग क्रमांक लिहितात, पण लोकसंख्येचा तक्ता असतो जनगणनेच्या जुन्या वॉर्डांचा. एकाच गल्लीची डावी बाजू एका वॉर्डात, उजवी दुसऱ्यात, असं निघतं.

म्हणून प्रत्येक भागातून दोघं हवेत : गल्लीनिहाय फिरून जनगणनेच्या वॉर्डांची जुनी हद्द आजच्या नकाशावर लाल पेनने उतरवायला. एक्सेल येणारे तिघं-चौघं, आणि जुने पालिका नकाशे ज्यांच्या कपाटात आहेत ते सगळे. मूळ नकाशा देऊ नका, झेरॉक्स पुरे.

देणगी मोठ्या नकाशांच्या छपाईला, प्रमाणित नकलांना आणि सुनावणीच्या प्रवासाला जाईल. पावतीशिवाय पैसे देऊ नका. कोणत्याही पक्षाकडून किंवा इच्छुकाकडून समिती पैसे घेणार नाही. तसे घेतले तर सुनावणीत आपल्या नकाशाकडे कोण बघेल?