जत्रेत गाइडचं काम मिळतं का?

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, तीन दिवस पर्यटन कंपन्यांच्या जत्रेत फिरून गाइडचं काम मिळतं का? मिळत नाही. तिथे काम देणाऱ्याचा नंबर मिळतो, काम पुढे कधीतरी येतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी "काय झालं?" म्हणून फोन करू नका.

फेब्रुवारीत मुंबईत बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ही जत्रा, म्हणजे ओटीएम (आउटबाउंड ट्रॅव्हल मार्ट) भरतं. त्यातला 'ओ' आउटबाउंडचा, म्हणजे बहुतेक स्टॉल आपल्या लोकांना परदेशी पाठवणाऱ्यांचे. थायलंड-दुबईच्या झगमगाटात जर्मन बोलणाऱ्या इथल्या गाइडला कोण विचारणार? माझ्या कामाच्या इनबाउंड कंपन्या, परदेशी पाहुणे इथे आणणाऱ्या. त्यांतली बरीच माणसं स्टॉल न घेता नुसती फिरत असतात, गळ्यातलं ओळखपत्र वाचूनच गाठावी लागतात.

गाठल्यावर पहिला प्रश्न एकच: "तुमच्याकडे ऑपरेशन्स कोण बघतं?" समोर उभी असते ती सेल्सची माणसं, आणि गाइड नेमतो तो ऑफिसात बसलेला ऑपरेशन्सवाला, म्हणजे टूरची प्रत्यक्ष व्यवस्था बघणारा. त्याचं नाव नि व्हॉट्सॲप नंबर मिळाला की निघायचं, बायोडाटा पुढे करायचा नाही. सकाळी त्यांच्या भेटी ठरलेल्या असतात, तेव्हा मध्ये घुसलं की चेहरा लक्षात राहतो, पण नको तसा. दुपारी तीननंतर जायचं, तेही पहिल्या दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर आवराआवर सुरू होते, मोठी माणसं विमानतळाच्या वाटेवर असतात.

कार्डं दीडशे छापलीत. पुढे नाव, फोन, परवाना क्रमांक, 'जर्मन बी२' ही भाषेची पातळी. मागे मार्ग: मुंबई, घारापुरी, वेरूळ, अजिंठा. आई, 'मागे कशाला लिहितेस?' म्हणशील, पण खरी परीक्षा तिथेच होते. कुणी सहज म्हणतो, "सोमवारी आमचा ग्रुप अजिंठ्याला आहे." तेव्हा मान डोलावणारा गाइड बाद. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणून सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढे लेण्यांपर्यंत तिथल्या बसने जावं लागतं, तो वेळही धरायचा. हे तिथल्या तिथे सांगणाऱ्याचं कार्ड पाकिटात जातं, बाकीच्यांची पिशवीत.

पैशांचं बोलणं आधीच स्पष्ट हवं. दिवस आठ तासांचा, पुढचे तास वेगळे. बाहेरगावी राहणं-जेवण त्यांचं. प्रवेश तिकिटांची रक्कम आगाऊ, नाहीतर वीस माणसांची तिकिटं स्वतःच्या खिशातून काढावी लागतात. नवखे लोक 'पहिली टूर कमी पैशात' म्हणतात आणि तोच दर पुढे चिकटतो. बिलाचे पैसे महिना-दीड महिन्याने येतात, म्हणून दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय. तुम्ही पाठवू नका.

जत्रेनंतर दोन दिवसांत प्रत्येकाला चार ओळींचा मेसेज, मग थेट जून-जुलैत पुन्हा आठवण. परदेशी पाहुण्यांचा मोसम ऑक्टोबर ते मार्च, त्यासाठी गाइडच्या याद्या पावसाळ्यात बनतात. पण नव्या गाइडला यादीतून सहसा बोलावणं येत नाही. कुणाचा तरी गाइड तापाने पडतो, रात्री साडेदहाला ऑपरेशन्सवाल्याचा फोन येतो आणि सकाळी सहाला हॉटेलच्या लॉबीत हजर व्हायचं असतं. तेव्हा यापुढे आपलं बोलणं दहाच्या आत उरकूया.

तुमची,
मनू