ब्रिजटाउनमधल्या अर्ध्या दिवसासाठी, गोव्याच्या तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाशी उभ्या उभ्या तुम्ही जे सांगितलंत आणि मग मेन्यूच्या कोऱ्या पाठीवर लिहून दिलंत, त्याच्या जोरावर आमच्या गटातल्या आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांचा बार्बाडोस बेटावरचा, राजधानी ब्रिजटाउनमधला दिवस सुरळीत पार पडला. तोंडी आभार तेव्हाच मानले होते. हे पत्र उघडं लिहितोय, कारण जहाजानं कॅरिबियनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना नेमकी हीच माहिती लागते आणि माहितीपत्रकांत ती सापडत नाही. तुमचं आणि जहाजाचं नाव गाळलं आहे. तुमच्या नोकरीला आमच्या कौतुकाचा त्रास नको.

बंदरात जहाज लागलं की प्रवाशाला वाटतं, आख्खा दिवस आपला. तुम्हाला मात्र दोन पाळ्यांच्या मध्ये तीन-चार तास मिळतात आणि प्रवाशांच्या आधी परतावं लागतं. अर्ध्या दिवसात समुद्र कसा गाठायचा, हे तुमच्याइतकं नेमकं कोण जाणणार? आम्ही नकाशात सहा ठिकाणांवर खुणा करून आणल्या होत्या. त्यातल्या पाच तुम्ही खोडल्यात, हा तुमचा पहिला आणि सगळ्यात मोठा उपकार.

दुसरं म्हणजे उलटं गणित. उतरायचं कधी हे आधी ठरवायचंच नाही, वाळूवरून उठायचं कधी हे ठरवायचं. जहाज संध्याकाळी ५ ला सुटणार असेल तर शेवटचा प्रवासी साधारण ४.३० ला आत हवा. त्याच्या किमान दीड तास आधी, म्हणजे ३ वाजता, बंदराच्या फाटकाशी. किनाऱ्यावरून टॅक्सी मिळून पोहोचायला रहदारीसकट अर्धा-पाऊण तास धरायचा. अंग धुणं, कपडे बदलणं, हरवलेली एक चप्पल शोधणं याला आणखी अर्धा तास. म्हणजे उशिरात उशिरा पावणेदोनला पाण्यातून बाहेर. सकाळी ८ ला जहाज लागलं तरी परवानगीचे सोपस्कार होऊन लोक उतरायला लागेपर्यंत वेळ जातो, आणि वाळूवर पाय टेकेपर्यंत साडेनऊ वाजतात. हातात राहिले सव्वाचार तास. त्यातले भर दुपारचे ज्येष्ठांना आणि लहानांना सोसत नाहीत. म्हणून साडेनऊ ते एक हेच खरं माप. सकाळी खुर्च्या मोकळ्या असतात, पाणी ढवळलेलं नसतं आणि सहलीच्या बोटींची गर्दी व्हायची असते. दुपारी जाणारा या तिन्हींना मुकतो.

घड्याळाबद्दल तुम्ही दोनदा बजावलंत ते फार बरं केलंत. बार्बाडोस वर्षभर जागतिक प्रमाणवेळेच्या चार तास मागे असतं, तिथे उन्हाळी वेळ नाही. हिवाळ्यात फ्लोरिडाहून निघालेल्या जहाजानं आपली घड्याळं बदलली नाहीत, तर बेटावर जहाजापेक्षा एक तास जास्त वाजलेला असतो. इथे चूक झाली तरी माणूस तासभर लवकर परततो, एवढंच. पण हाच प्रवासी पुढे बेलीझ किंवा होंडुरासच्या रोआतान बेटावर गेला की गणित उलटतं. तिथली वेळ सहा तास मागे असते, फोन आपोआप ती वेळ दाखवतो, आणि हातात अजून वेळ आहे असं समजून निवांत बसलेल्या माणसाचं जहाज सुटतं. म्हणून मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. फोन विमान मोडवर, म्हणजे रोमिंगचं बिलही टळतं.

ब्रिजटाउनचा धक्का खोल पाण्याचा आहे, जहाज थेट लागतं, छोट्या होड्यांत चढउतर करावी लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना हे बेट सोयीचं ठरतं ते त्यामुळेच. मात्र लांबचा धक्का मिळाला तर टर्मिनलपर्यंतच बरंच चालणं होतं, ते वेळेत धरायला हवं. बाहेर पडल्यावर समुद्रालगतच्या प्रिन्सेस ॲलिस हायवेनं शहराच्या मध्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, करीनेज या छोट्या खाडीवरचा चेंबरलेन पूल ओलांडून बे स्ट्रीटनं आणखी पंधरा-वीस मिनिटं, की कार्लाइल बे. सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आसपास. धडधाकट माणसानं जाताना चालत जावं, ऊन कोवळं असतं. येताना, ओल्या कपड्यांत आणि डोक्यावरच्या उन्हात, चालायचा हट्ट करू नये. बाकीच्यांनी दोन्ही वेळा टॅक्सी करावी.

टॅक्सीला मीटर नसतो, दर ठरलेले असतात. बसण्याआधी तीन प्रश्न विचारायचे, हा तुमचा पाठ आता आमच्याकडे पोरांनाही तोंडपाठ आहे: भाडं माणशी की गाडीचं, एका बाजूचं की दोन्ही, आणि डॉलर कुठले? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. १९७५ पासून एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर बांधलेला आहे. नुसतं ‘दहा डॉलर’ ऐकून बसलं तर उतरताना रक्कम दुप्पट निघू शकते. अमेरिकी नोटा जवळपास सगळीकडे चालतात, पण सुटे स्थानिक चलनात परत येतात. म्हणून १ आणि ५ च्या नोटा भरपूर न्याव्यात, ५० ची नोट काढूच नये. परतीचं भाडं आगाऊ देऊ नये. वेळ ठरवून घ्यावी आणि पैसे बंदरावर उतरल्यावर द्यावेत.

बसबद्दलही तुम्ही लिहिलं होतंत. निळ्या सरकारी, पिवळ्या खासगी आणि पांढऱ्या, तांबड्या पट्ट्याच्या झेडआर व्हॅन, अशा तीन तऱ्हा. भाडं २०१९ पासून साडेतीन बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो. निळ्या बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, बाकी दोन्हींत मिळतात. पण बंदर ते कार्लाइल बे एवढ्याशा अंतराला बस शोधण्यात वेळ जातो, हे तुमचं मत अगदी बरोबर. बस आहे ती दक्षिणेकडच्या लांबच्या किनाऱ्यांसाठी.

किनारा मात्र कार्लाइल बेच, यावर तुम्ही ठाम होतात. कारण भूगोलात आहे. वारा पूर्वेकडून येतो आणि हा चंद्रकोरीसारखा उपसागर बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात, वाऱ्याच्या आडोशाला आहे. चित्रांत फार देखणा दिसणारा पूर्वेचा बाथशीबा अटलांटिकच्या थेट तोंडावर आहे, तिथे लाटा सर्फिंगवाल्यांच्या कामाच्या, पोहणाऱ्यांच्या नव्हेत. सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळही मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवरच येऊन पडतं. कोकण-गोव्याच्या माणसाला समुद्र म्हटला की आधी भरती-ओहोटी बघायची सवय. इथे भरती-ओहोटीचा फरक एक मीटरहून कमी, त्यामुळे त्यासाठी वेळापत्रक हलवायची गरज नाही. उसळी येते ती वेगळीच, हिवाळ्यात उत्तरेकडच्या वादळांनी उठलेली. जीवरक्षकानं लाल निशाण लावलं असेल तर दिवस पाण्याबाहेर काढायचा, वाद घालायचा नाही.

बे स्ट्रीटनं आलं की आधी लागतो ब्राउन्स बीच, पुढे दक्षिणेच्या टोकाला पेबल्स बीच. बार्बाडोसमधले किनारे सर्वांना खुले आहेत. पैसे द्यायचे ते खुर्ची, छत्री किंवा बीच क्लबच्या सोयींचे. ज्येष्ठ बरोबर असतील तर क्लबच घ्यावा, कारण स्वच्छतागृह, गोडं पाणी आणि पक्की सावली या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात. उघड्यावर बसायचं तर दोन खुर्च्या आणि एक छत्री मिळून किती, असा एकत्रित भाव आधी पक्का करावा. सुटा भाव विचारला की छत्रीचे पैसे मागून वाढतात. पेबल्सवर पहाटे शर्यतीच्या घोड्यांना समुद्रात पोहायला आणतात. जहाज लागेपर्यंत ते परतलेले असतात, त्यामुळे ते दृश्य मुक्कामाला आलेल्यांच्या वाट्याचं.

ऊन. बार्बाडोस १३ अंश उत्तरेला, म्हणजे चेन्नईच्या रेषेत. पण वारा इतका सुखद असतो की कातडी भाजतेय हे कळत नाही. ‘आपण सावळे, आपल्याला काय होतंय’ हा समज तुम्ही हसत हसत खोडलात. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर सनस्क्रीन लागतं. पाण्यात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. फवाऱ्याची बाटली वाऱ्यात निम्मी उडून जाते. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा. सुती सलवार किंवा साडी नेसून पाण्यात उतरणाऱ्या बायकांना तुमचा निरोप: भिजलेलं सूत जड होतं, पायांत गुंडाळतं. सिंथेटिक लेगिंग आणि अंगासरशी कुडता बरा.

कार्लाइल बेच्या पोटात बुडालेली जहाजं आहेत. १९१९ मध्ये बुडालेली बर्विन ही फ्रेंच टग इतक्या उथळ पाण्यात आहे की वर तरंगता तरंगता खाली दिसते. बेजन क्वीन २००२ मध्ये मुद्दाम बुडवली, तिच्यावर आता प्रवाळ आणि मासे आहेत. समुद्री कासवंही येतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या वाटेत आडवं यायचं नाही. किनाऱ्यावरून ही ठिकाणं पोहण्याच्या टप्प्यातली वाटतात, पण मध्ये बोटी आणि जेटस्की फिरत असतात. सराव नसलेल्यांनी लाइफ जॅकेट घालून बोटीनंच जावं. जेटस्कीवाले वाळूवर येऊन आग्रह करतात. आपल्या प्रवास विम्यात ती धरलेली आहे का, हे आधी बघितलेलं बरं. अनेक विम्यांत नसते.

मास्कची परीक्षा तुम्ही टेबलावरच्या बशीवर करून दाखवलीत, तीही लिहून ठेवतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकानं श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला तर बरोबर, पडला तर दुसरा. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये हमखास पाणी शिरतं, कारण केसांमुळे रबर कातडीला टेकत नाही. मिशीच्या वरच्या कडेला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की गळती बरीच थांबते. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून बेबी शॅम्पूचा एक थेंब चोळून विसळायचा.

आणि मँचिनील. या झाडाबद्दल तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कुणी सांगितलं असतं? कॅरिबियन किनाऱ्यांवरचं हे झाड दिसायला साधं, हिरवं, छोट्या सफरचंदासारख्या फळांचं. फळ, पान, चीक, सगळं विषारी. बार्बाडोसमध्ये पुष्कळ झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवतात. पावसाची सर आली की माणूस सवयीनं झाडाखाली धावतो, आणि इथे पानांवरून ओघळलेल्या पाण्यानंही कातडीवर फोड येतात. म्हणून सर आली तर छत्रीखाली किंवा सरळ समुद्रात. पोरांना उतरण्यापूर्वीच ताकीद द्यायची: वाळूवर पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

खाण्याचं सोपं आहे. जहाजावरचं शिजलेलं अन्न आणि फळं खाली न्यायची नाहीत, शेतीला कीड लागू नये म्हणून तसा नियम असतो. नळाचं पाणी पिण्याजोगं, तेव्हा रिकामी बाटली पुरते. मासे खाणाऱ्यांनी फिश कटर घ्यावा, पावात घातलेला तळलेला मासा. शाकाहाऱ्यांसाठी मॅकरोनी पाय, आणि शहरात बटाट्याची रोटी. ती त्रिनिदादमार्गे आलेली, १८४५ पासून तिथे मजुरीला नेलेल्या भारतीयांच्या चुलीवरची. मात्र ‘रोटी’ एवढंच म्हटलं तर आत कोंबडी निघू शकते. ‘पटेटो’ हा शब्द आधी उच्चारायचा.

कपड्यांबाबतची सूचना आमच्या गटातल्या दोन तरुणांना फार उपयोगी पडली. लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे सामान्य माणसानं घालणं बार्बाडोसमध्ये बेकायदा आहे, लहान मुलांच्या टोपीसकट. आणि पोहण्याच्या कपड्यांत शहराच्या बाजारपेठेत, ब्रॉड स्ट्रीटवर, फिरणं तिथे असभ्य मानतात.

उरलं केन्सिंग्टन ओव्हल. बंदरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर ते मैदान. १९७१ मध्ये सुनील गावस्करांनी तिथे नाबाद ११७ काढल्या, तुमच्या मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १५०. २९ जून २०२४ ला तिथेच भारतानं दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला. मराठी माणसाचा पाय तिकडे वळणारच. तुमचा सल्ला असा की समुद्र आधी, मैदान परतताना, तेही टॅक्सी दहा मिनिटं थांबवून बाहेरून. सामन्याच्या दिवशी मात्र तिकडचा रस्ता टाळायचा, बंदराची वाट तुंबते.

शेवटची ओळ तुम्ही लाल शाईनं लिहिली होतीत. जहाजानं विकलेली सहल लांबली तर जहाज त्यांच्यासाठी थांबतं, आपण आपले गेलो तर थांबत नाही. म्हणून रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा बंदर एजंटचा फोन नंबर कागदावर उतरवून घ्यायचा. सोबत जहाजाचं कार्ड, फोटो ओळखपत्र, पासपोर्टची छायाप्रत आणि एक क्रेडिट कार्ड. जहाजाचे टॉवेल मोजून परत आणायचे, नाहीतर खात्यावर पैसे लागतात. प्रवाळ किंवा शंख पिशवीत घालायचे नाहीत.

तुमचा तो कागद आम्ही मोठ्या अक्षरांत टाइप करून घेतला आहे, चष्म्याविना वाचता येईल असा. बटाट्याच्या रोटीची ओळ आमची भर. पुढच्या हिवाळ्यात जाणाऱ्या दोन कुटुंबांना तो पाठवला आहे. बसचं भाडं किंवा आणखी काही बदललं असेल तर जरूर कळवा, तेवढं दुरुस्त करून त्यांना देऊ. तुमच्या थोडक्या मोकळ्या वेळातला अर्धा तास तुम्ही आमच्यासाठी खर्च केलात, दादा. मनापासून आभार.

तुमचे,
त्या रात्री खिडकीजवळच्या दोन टेबलांवर बसलेले सगळे