कॉन्ग्रीव्हचे चित्र आणि टॉन्सनच्या हातातले पुस्तक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहातील एका चित्राविषयी तुम्हा दोघांना, त्यातही बाबांना, सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते. नाटककार विल्यम कॉन्ग्रीव्ह याचे हे व्यक्तिचित्र राजदरबाराचा चित्रकार गॉडफ्री नेलर याने १७०९ मध्ये रंगवले. मखमली कोट, खांद्यांवर उतरलेला भरघोस केसांचा टोप, मागे झाडी आणि बाजूला कशाकडे तरी बोट दाखवणारा हात, असा ३९ वर्षांचा कॉन्ग्रीव्ह त्यात दिसतो. मात्र लेखणी, कागद, पुस्तक यांपैकी काहीही त्याच्याजवळ नाही.

हे चित्र ‘किट-कॅट क्लब’ या, इंग्लंडमधील व्हिग या राजकीय पक्षाच्या मंडळींच्या मंडळासाठी काढलेल्या मालिकेतले आहे. त्या मंडळाचा सूत्रधार जेकब टॉन्सन हा कॉन्ग्रीव्हचा प्रकाशक होता आणि सभासदांनी आपापली चित्रे त्यालाच भेट दिली. बहुतेक चित्रे ३६ बाय २८ इंचांची आहेत, म्हणजे चेहऱ्याबरोबर निदान एक हात मावेल एवढी, त्यामुळे तो हात काय करतो आहे इकडे नजर जातेच. याच मालिकेत १७१७ साली नेलरने टॉन्सनलाही रंगवले आणि त्याच्या हातात कवी मिल्टनचे महाकाव्य ‘पॅरडाइज लॉस्ट’ दिले. डोक्यावर केसांचा टोप नाही, साधी मऊ टोपी आहे, आणि पुस्तक मात्र ठसठशीत दिसते.

बाबा, तुम्ही आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांची मुद्रिते तपासलीत, म्हणून टॉन्सनचे ते चित्र पाहताना मला तुमची फार आठवण आली. दुसऱ्याने लिहिलेले पुस्तक इतक्या अभिमानाने हाती धरणारा माणूस मला कॉन्ग्रीव्हपेक्षा अधिक जवळचा वाटला.

कॉन्ग्रीव्हने १७०० नंतर स्वतःची नवी सुखात्मिका लिहिली नाही. पुढे फ्रेंच लेखक व्हॉल्तेअर त्याला भेटायला गेला, तेव्हा आपल्या लेखनाला क्षुल्लक ठरवून, एक साधा सद्गृहस्थ म्हणूनच आपल्याकडे यावे, असे कॉन्ग्रीव्हने सुचवले. तुम्ही केवळ सद्गृहस्थ असता तर मी आलोच नसतो, असे व्हॉल्तेअरने त्यावर म्हटले. आई, तुला हे उत्तर आवडेल. नेलरच्या चित्रातली ती ऐट मला या प्रसंगानंतरच नीट उमगली.

दोन्ही चित्रांच्या छापील प्रती टपालाने पाठवत आहे. बाबांनी टॉन्सनच्या चित्राविषयी त्यांचे मत मला अवश्य कळवावे.

तुमची,
लेक